लालबागमधला ३१व्या मजल्यावरचा रिनोव्हेटेड फ्लॅट, व्ह्यू जबरदस्त आहे पण घ्यावा का?

सई_डोंबिवली

नमस्कार मंडळी. थोडं मोठं लिहितेय पण पूर्ण वाचून सल्ला द्या प्लीज, आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च आहे हा आमचा.

आम्ही दोघं नोकरी करतो, मुलगी सातवीत. डोंबिवलीचा फ्लॅट विकून मुंबईत यायचं ठरवलंय कारण दोघांचीही ऑफिसं लोअर परळला आणि रोजच्या लोकलने जीव नकोसा झालाय. सासरे लालबागचेच, गिरणीत होते, त्यामुळे घरात पहिल्यापासून लालबाग-परळ हाच विषय. गेले काही महिने रिसेल बघतोय आणि आता एक २ बीएचके सापडलाय, टॉवर साधारण पंधरा वर्षं जुना, फ्लॅट ३१व्या मजल्यावर, आणि मालकाने दोनेक वर्षांपूर्वी आतून पूर्ण नवीन करून घेतलाय. इटालियन मार्बल, हॉल आणि किचनमधली भिंत काढून मोठी मोकळी जागा, बाथरूम एकदम हॉटेलसारखी, सगळीकडे फॉल्स सीलिंग आणि लायटिंग. हॉलची खिडकी पश्चिमेला आहे, जमिनीपासून छतापर्यंत काच, तिथून रेसकोर्स आणि त्यामागे समुद्र, उजवीकडे दोन टॉवरच्या मधून सी लिंकचे खांब. बेडरूम पूर्वेला, तिथून शिवडी, अटल सेतू, खाडीपलीकडचे डोंगर. आम्ही संध्याकाळी गेलो होतो, सूर्य मावळत होता, मुलगी तर खिडकीपासून हलायलाच तयार नव्हती आणि खरं सांगायचं तर मीही.

मालक २ कोटी ७५ लाख म्हणतो. त्याच टॉवरमध्ये खालच्या मजल्यावरचा साधा फ्लॅट २ कोटी ३० ला आहे असं ब्रोकर म्हणाला. म्हणजे व्ह्यू आणि रिनोव्हेशनचे मिळून ४५ लाख जास्त. ब्रोकर म्हणतो "मॅडम हा व्ह्यू परत मिळणार नाही, टोकन देऊन टाका".

प्रश्न असे की व्ह्यूसाठी इतके पैसे द्यावेत का, तो टिकेल का, आणि रिनोव्हेटेड फ्लॅट घेताना नक्की काय तपासायचं? वरवर सगळंच चकाचक दिसतंय त्यामुळे काय बघायचं तेच कळत नाही. तिथे राहणाऱ्यांनी, या कामातल्या लोकांनी सांगा.

---

गिरणगावचा_पोरगा

ताई, आमचं घर भारतमाता सिनेमाच्या मागच्या गल्लीत, जन्म तिथलाच, त्यामुळे व्ह्यूचं मी सांगतो, बाकी कागदपत्रांचं जाणकार सांगतील.

आधी हे समजून घ्या की लालबाग-परळमधला आज दिसणारा व्ह्यू म्हणजे एका मधल्या टप्प्यावरचं दृश्य आहे. ८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, ९१ च्या नियमावलीत गिरणीच्या जमिनी विकसित करायला वाट मिळाली आणि २००५ नंतर टॉवर भराभर उभे राहिले. पण ते फक्त गिरण्यांच्या जमिनीवरचे. चाळी, सेसच्या (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) जुन्या बिल्डिंगी, म्हाडाच्या वसाहती यांचं काम आत्ता कुठे सुरू झालंय आणि ते सगळं उभं राहणार ते उंचच राहणार. आज तुम्हाला खाली कौलं आणि पत्रे दिसतात ना, त्यातलं प्रत्येक छप्पर म्हणजे उद्याचा टॉवर समजा.

आता तुमच्या खिडक्या. पश्चिमेला रेसकोर्स दिसतं ती तुमची जमेची बाजू, कारण ती २११ एकर मोकळी जागा आहे, २०२४ मध्ये त्यातली १२० एकर पालिकेकडे उद्यानासाठी आली, तिथे टॉवर येण्याची भीती नाही. पण तुम्ही आणि रेसकोर्स यांच्या मधे काय आहे ते बघा. करी रोड स्टेशनच्या पलीकडे ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळी (ब्रिटिश काळातल्या सरकारी चाळी) आहेत, त्यांचा पुनर्विकास सुरू आहे. वरळीच्या बीडीडीत तर नुसत्या रहिवाशांच्या बिल्डिंगीच ४० मजली आहेत, विक्रीचे टॉवर वेगळे. तुमच्या हॉलच्या खिडकीतून बीडीडीचा प्लॉट नेमका कुठल्या बाजूला येतो ते नकाशा आणि होकायंत्र घेऊन, खिडकीत उभं राहून बघाच. समुद्राच्या रेषेत आला तर हिशोब बदलला.

पूर्वेला काळाचौकी, अभ्युदय नगर. ती म्हाडाची मोठी वसाहत, तिचाही पुनर्विकास ठरलाय. त्यापलीकडे कॉटन ग्रीन आणि पोर्टची जमीन, आज तिथे गोदामं आहेत म्हणून अटल सेतूपर्यंत नजर जाते. मुंबईत शेकडो एकर सलग जमीन कायमची गोदामांसाठी राहील असं मी तरी धरून चालणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या टॉवरला अगदी चिकटून असलेले प्लॉट. लांबचा टॉवर व्ह्यूचा एक तुकडा खातो, शेजारचा पूर्ण खिडकी खातो. शेजारी सेसची चाळ असेल तर तिथे जाऊन विचारा की बिल्डर आलाय का, सह्या झाल्यात का, लोक सरळ सांगतात. शिवाय महारेराच्या साइटवर लालबाग-परळ भागात नोंद झालेले प्रोजेक्ट बघता येतात, किती मजले मंजूर ते कळतं. पालिकेच्या साइटवरून शेजारच्या प्लॉटचा डीपी रिमार्क (विकास आराखड्यात त्या जागेवर काय ठरलंय तो दाखला) काढा, मैदान किंवा शाळेचं आरक्षण असेल तर जरा बरं.

माझं मत विचाराल तर रेसकोर्सच्या बाजूच्या व्ह्यूसाठी थोडे जास्त द्यायला हरकत नाही, पूर्वेच्या व्ह्यूसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, तो आहे तोवर आपला.

---

साइटवरचा_इंजिनियर

सिव्हिलमध्ये आहे, रिपेअर आणि ऑडिटची कामं करतो. तुमच्या पोस्टमधली दोन वाक्यं वाचून थांबलो, "भिंत काढून मोकळी जागा" आणि "इटालियन मार्बल". त्याबद्दलच लिहितो.

भिंत. एवढ्या उंच टॉवरमध्ये सगळ्या भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या नसतात. काही भिंती आरसीसीच्या शिअर वॉल असतात, त्या वाऱ्याचा आणि भूकंपाचा जोर घेतात, आणि प्लास्टर रंग झाल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. अॅल्युमिनियमच्या फॉर्मवर्कमध्ये, ज्याला साइटवर मायवान म्हणतात, बांधलेल्या टॉवरमध्ये तर जवळपास प्रत्येक भिंत काँक्रीटची असते. त्यामुळे काढलेली भिंत कुठली होती हे ओरिजिनल स्ट्रक्चरल ड्रॉइंगवरून तपासायचं, मालकाच्या किंवा इंटिरियरवाल्याच्या शब्दावर नाही. सोसायटीकडे ड्रॉइंग असायला हवीत. नसतील तर वरच्या किंवा खालच्या मजल्यावरचा त्याच लाइनचा, न तोडलेला फ्लॅट बघा, तिथे ती भिंत किती जाडीची आहे आणि ठोकल्यावर कशी वाजते ते कळतं. एसीच्या पाइपसाठी बीममधून कोअर कटिंग केलंय का, वायरिंगसाठी कॉलममध्ये खाचे मारलेत का, हेही बघायचं, आणि त्यासाठी फॉल्स सीलिंगचं झाकण उघडून टॉर्च घेऊन आत बघावंच लागतं. मालक "सीलिंग खराब होईल" म्हणाला तर लाइटची फिटिंग काढून त्या भोकातून मोबाइलचा कॅमेरा आत घाला, बरंच दिसतं.

मार्बल. बरेच लोक वेळ आणि डेब्रीजचा खर्च वाचवायला जुन्या टाइल्स न काढता त्यावरच मार्बल टाकतात. १८-२० मिमीचा मार्बल म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५० किलो, त्याखालचा माल आणखी ८० ते १०० किलो. राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं-सामान मिळून चौरस मीटरला २०० किलो धरतात, त्याच्यासमोर हा दीडशे किलोचा कायमचा जादा बोजा किती मोठा आहे बघा. लगेच काही पडत नाही, घाबरवायचं नाहीये मला, पण स्लॅब जास्त वाकतो, भेगा येतात आणि खालच्याची तक्रार सुरू होते. ओळखायचं कसं? लॉबीतून आत जाताना पाय वर उचलावा लागतो का, दारं खालून कापलेली आहेत का, आणि जमिनीपासून बीमच्या खालपर्यंतची उंची टेपने मोजून खालच्या फ्लॅटशी ताडून बघा.

बाथरूम. हॉटेलसारखी दिसणं सोपं असतं, टिकणं अवघड. जुन्या टाइल्स, कोबा सगळं काढून खाली स्लॅबपर्यंत जाऊन नवीन वॉटरप्रूफिंग केलंय की वरच्या वर नवीन टाइल चिकटवली? कॉन्ट्रॅक्टरची बिलं आणि कामाच्या मधले फोटो मागा, ज्याने मनापासून काम केलंय त्याच्याकडे फोटो असतात. नहाणी ट्रॅप बंद करून इंचभर पाणी चोवीस तास भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी खालच्यांच्या बाथरूमचं छत बघायचं. हे मालकाला आवडत नाही पण पावणेतीन कोटी देणाऱ्याला एवढं मागायचा हक्क आहे. आणि त्याच्या आधी, आजच, ३०व्या मजल्यावर जा, बेल वाजवा, ओळख सांगा आणि त्यांना विचारा की वरून कधी गळलं का. याच्याइतकी खरी माहिती कुठल्याच रिपोर्टमध्ये मिळत नाही.

आणखी दोन गोष्टी ज्या सुंदर घरात हमखास बिघडलेल्या असतात. एक, फायर स्प्रिंकलर. उंच टॉवरमध्ये फ्लॅटच्या आत असतील तर फॉल्स सीलिंग करताना ते वर तसेच गाडले जातात किंवा त्यावर रंग मारला जातो, मग आग लागली तर ते काही कामाचे नाहीत. दोन, मुख्य दरवाजा. मूळ दरवाजा आग काही काळ थोपवणारा असेल तर तो काढून नक्षीचा सागवानी बसवलेला असतो. २०२१ मध्ये करी रोडच्या टॉवरला १९व्या मजल्यावर आग लागली होती, ती सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. फायर ब्रिगेडची सगळ्यात उंच शिडी ९० मीटरची, म्हणजे ३१वा मजला तिच्या अगदी टोकाला आला, आणि लालबागच्या गल्लीत ती गाडी उभी करायला जागा मिळेल याची खात्री कोण देणार? त्यामुळे तिथे वाचवणार ती बिल्डिंगची स्वतःचीच यंत्रणा.

वीज बेस्टची असेल, मंजूर लोड किती ते बिलावर बघा आणि घरात बसवलेले एसी, गीझर, इंडक्शन यांची बेरीज करा. गॅसची पाइप ट्रॉलीमागे बंद करून टाकली असेल तर ती मोकळी करून घ्यावी लागेल.

ताई, एक विचारायचं राहिलं. ती जमिनीपासून छतापर्यंतची काच मूळ बिल्डिंगची आहे का? पंधरा वर्षांपूर्वीच्या टॉवरमध्ये अशी खिडकी सहसा नसायची, तिथे फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेर झाडांसाठी काढलेला स्लॅब, असायचा.

---

सई_डोंबिवली

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल दोघांचेही मनापासून आभार.

इंजिनियर दादा, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. आज ब्रोकरला विचारलं तर तो सहज म्हणाला, "हो, फ्लॉवर बेड आत घेतलाय, सगळेच घेतात". अॅग्रीमेंटची कॉपीही मागवली, त्यात कार्पेट ६२० आहे आणि आम्हाला ब्रोकरने ६९० सांगितलं होतं. म्हणजे ७० स्क्वेअर फूट तिथूनच आले. मालकाचं म्हणणं असं की अॅग्रीमेंट २ कोटी ४५ चं करू आणि ३० लाखांचा फर्निचर-फिटिंगचा वेगळा करार करू, तुमची स्टँप ड्युटी वाचेल. हे बरोबर वाटत नाहीये पण नक्की काय चुकतंय ते सांगाल का कोणी?

---

सेक्रेटरी_दादर

मी आमच्या सोसायटीचं काम बरीच वर्षं बघतोय, ट्रान्सफरच्या फायली डोळ्यांखालून गेल्यात, त्या आधारावर सांगतो. शेवटी वकील लावाच, स्वतःचा, ब्रोकरने दिलेला नाही.

फ्लॉवर बेड आधी. जानेवारी २०१२ च्या आधी मुंबईत फ्लॉवर बेड, डक्ट, निश असले भाग एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधता येईल त्या मोजणीत) धरत नसत, त्यामुळे बिल्डरने भरपूर दिले आणि लोकांनी नंतर भिंत काढून आत घेतले. २०१२ च्या बदलानंतर ते एफएसआयमध्ये धरायला लागले. सगळेच घेतात हे खरं असलं तरी मंजूर नकाशात तो तुमच्या खोलीचा भाग नाही. उद्या कोणी तक्रार केली तर पालिकेची ३५१ची (बेकायदा बांधकामाची) नोटीस मालकाला येते आणि तेव्हा मालक तुम्ही असणार, आजचा विकणारा नाही. म्हणून भाव ठरवताना ६२० वरच बोला. त्या ७० फुटांचे पैसे देऊ नका. शिवाय फ्लॉवर बेडचा स्लॅब खाली असतो, तो भरून वर आणलेला असतो, आणि पावसाळ्यात गळायला सुरुवात तिथूनच होते.

वेगळा फर्निचरचा करार नकोच. बँक ७५ लाखांच्या वरच्या कर्जात घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते आणि तेही स्वतःच्या व्हॅल्युअरच्या आकड्यावर. फर्निचरच्या करारावर गृहकर्ज मिळत नाही, म्हणजे ते ३० लाख पूर्ण तुमच्या खिशातून आणि स्टँप ड्युटी-नोंदणीचे पैसेही तुमच्याच खिशातून. वर पुढे कधी विकायची वेळ आली तर तुमची खरेदी कागदावर २ कोटी ४५ लाखांचीच. आणि भिंतीला चिकटलेला मार्बल नि बाथरूम म्हणजे फर्निचर असं कुणी विचारलं तर काय सांगणार? मुंबईत स्टँप ड्युटी ६ टक्के आहे, घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महिला म्हणून १ टक्का कमी. पावणेतीन कोटीवर ते पावणेतीन लाख होतात, कायदेशीर वाचवायचेत तर असे वाचवा, पण नवऱ्याच्या कर्जाची आणि नावाची बाजू बँकेशी आधी बोलून घ्या. नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. सोसायटीची ट्रान्सफर प्रीमियम २५ हजारांच्या वर नाही, "डोनेशन" म्हणून कोणी मोठा आकडा सांगितला तर लेखी मागा. १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा, आणि मालक परदेशात स्थायिक असेल तर तो १ टक्का लागू होत नाही, कापायची रक्कम खूप मोठी होते, तेव्हा मालकाचा निवासी दर्जा आधी विचारा.

आता ओसी, म्हणजे पालिकेचा भोगवटा दाखला. सगळ्यात आधी हाच कागद. नुसतं "ओसी आहे" ऐकून घेऊ नका, कॉपी घ्या आणि त्यात कुठपर्यंतचे मजले आहेत ते वाचा, कारण पार्ट ओसी ही फसवी गोष्ट आहे. ताडदेवची ३४ मजली बिल्डिंग आठवा. खालच्या १६ मजल्यांना ओसी होतं, १७ ते ३४ ला नव्हतं, लोक वर्षानुवर्षं राहत होते आणि २०२५ च्या जुलैमध्ये हायकोर्टाने वरचे मजले रिकामे करायला सांगितलं. व्ह्यू अर्थातच वरच्यांचाच चांगला होता. त्याच्या आधी वरळीचं कॅम्पा कोला झालंच होतं. तुमचा ३१वा मजला ओसीत स्पष्ट हवा. ओसी नसेल तर पाण्याचं बिलही दुप्पट दराने येतं, त्यामुळे सोसायटीचं पाण्याचं बिल बघितलं तरी एक खूण मिळते.

सोसायटीकडून मागायचं ते म्हणजे गेल्या तीन वर्षांचा ऑडिट रिपोर्ट, सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीत) किती आहेत, लिफ्ट बदलणे किंवा बाहेरच्या रंगाचं काम काढलंय का. टॉवरचा बाहेरचा रंग-रिपेअर हा प्रचंड खर्च असतो आणि पंधरा वर्षांच्या आसपास तो निघतोच, मग प्रत्येक फ्लॅटमागे काही लाखांची वर्गणी तुमच्या माथी. पंधरा वर्षं झाली की उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिटही लागतं. फायरचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, भरावा लागतो, शेवटचा कधीचा आहे बघा. कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, जुन्या रहिवाशांची बिल्डिंग आणि विक्रीचा टॉवर एकाच प्लॉटवर असतील तर जमीन कोणाच्या नावावर येणार, हेही विचारा, लालबागमध्ये बहुतेक ठिकाणी हा गुंता असतो. पार्किंग मालक "माझं आहे" म्हणेल, सोसायटीचं अलॉटमेंट लेटर बघा. आणि रिनोव्हेशनला सोसायटीची लेखी परवानगी घेतली होती का, त्या पत्रात भिंत काढायची आणि फ्लॉवर बेडची गोष्ट लिहिली आहे का, ते तर बघाच.

व्ह्यूवर कायद्याने हक्क नसतो. १८८२ च्या इझमेंट कायद्यात उजेड आणि वारा वीस वर्षांच्या वापराने हक्क होऊ शकतात, दृश्य नाही. समोर टॉवर आला तर कोर्टात जाऊन काही मिळत नाही.

---

मिसिसागाची_मेघना

इकडे कॅनडात काँडो म्हणजे फ्लॅट घेताना एक पद्धत आहे ती तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहितेय. ओंटारियोत काँडो कॉर्पोरेशनने (म्हणजे आपल्याकडची सोसायटी) मागितल्यावर १० दिवसांत स्टेटस सर्टिफिकेट द्यावंच लागतं, फी जास्तीत जास्त १०० डॉलर. त्यात रिझर्व्ह फंड किती, मोठी वर्गणी येणार आहे का, कोर्टकेस चालू आहे का, या फ्लॅटची थकबाकी किती, सगळं एकत्र मिळतं आणि आपली ऑफर ते वकिलाने वाचून पसंत करण्याच्या अटीवर असते. सेक्रेटरी काकांनी जे सांगितलं ते जवळपास तेच आहे, फक्त तिकडे तुम्हाला ते एकेक करून मागावं लागणार. तर एक पत्र लिहा सोसायटीला, मालकाच्या सहीने, आणि लेखी उत्तर घ्या.

रिनोव्हेटेडबद्दल पण सांगते. इथे ९५ ते २००७ च्या दरम्यानच्या बऱ्याच बिल्डिंगमध्ये किटेक नावाचे पाइप आहेत जे फुटतात, ते बदलायला भिंती फोडाव्या लागतात. आम्ही बघितलेल्या एका फ्लॅटमध्ये किचन एकदम नवीन, सत्तर मैल दिसेल असा लेकचा व्ह्यू म्हणून जाहिरात, आणि भिंतीमागे पाइप जुनेच. नवीन काय केलं यापेक्षा काय तसंच ठेवलं हा प्रश्न मालकाला विचारायचा, आम्ही तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी तो विचारतो.

---

पश्चिमेची_खिडकी

सगळ्यांनी तपासायच्या गोष्टी सांगितल्यात, मी तिथे राहण्याचं सांगते. आम्ही परळला २७व्या मजल्यावर राहतो, हॉलची खिडकी पश्चिमेलाच.

सई, व्ह्यूचे पैसे वाया जातात असं मला अजिबात वाटत नाही. पाऊस समुद्रावरून चालत येताना दिसतो, आधी सी लिंक पुसला जातो मग वरळी मग रेसकोर्स आणि मग आपल्या काचेवर थेंब. पावसाळा संपला की हवा धुतलेली असते तेव्हा पूर्वेच्या खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका आणि प्रबळगड ओळखू येतो, माझ्या सासूबाई पनवेलच्या, त्या रोज सकाळी चहा घेऊन आधी तिथे बघतात. त्यांना गुडघ्यांमुळे खाली उतरता येत नाही, त्यांच्यासाठी ही खिडकी म्हणजे अख्खा दिवस असतो. याची किंमत मी काय सांगू.

पण त्याच खिडकीचं दुसरंही सांगायला हवं. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नाही, एवढी मोठी काच असेल तर एसीचं बिल धरून चाला आणि काचेला फिल्म लावायला सोसायटी परवानगी देते का विचारा. जुलैत वरच्या मजल्यांवर पाऊस आडवा येतो आणि कधीकधी खालून वर येतो, स्लायडिंगच्या ट्रॅकमध्ये पाणी साचून आत येतं, ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं आहेत का आणि ती सिलिकॉनने बुजवलेली नाहीत ना हे बोट लावून बघा. वाऱ्याची शिट्टी वाजते, रात्री झोप मोडते, तर एकदा वारा असताना तिथे जाऊन खिडकी बंद करून गप्प उभ्या राहा. कबुतरांसाठी जाळी लावावी लागते आणि मग सगळा व्ह्यू जाळीतूनच दिसतो, त्या फ्लॅटला जाळी नसेल तर का नाही ते विचारा, सध्याचे मालक तिथे राहतात की फ्लॅट विकण्यासाठीच सजवलाय? डिसेंबर ते फेब्रुवारी धुरक्यात समुद्र बरेच दिवस दिसतच नाही. तुम्ही संध्याकाळी गेलात ते ठीक, आता एकदा भर दुपारी आणि एकदा सकाळी साडेआठला जा. साडेआठला लिफ्टसाठी किती वेळ लागतो ते कळेल, ३१व्या मजल्यावरून मुलीची शाळेची बस गाठायची म्हणजे हे रोजचं आहे. लाइट गेल्यावर जनरेटरवर किती लिफ्ट चालतात तेही विचारा.

आणि गणपतीत. लालबागमध्ये त्या दहा दिवसांत गाडी बाहेर काढणं, अँब्युलन्स आत येणं, पाहुणे येणं, सगळ्याचं नियोजन वेगळं करावं लागतं. आम्हाला आवडतं ते वातावरण, तुमचे सासरे तिथलेच म्हणजे तुम्हालाही सवय असेल, पण घरात पेशंट असेल तर विचार करा.

---

सई_डोंबिवली

दोन दिवसांत बरंच झालं. आम्ही ३०व्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो, त्यांनी खूप आपुलकीने घर दाखवलं. त्यांच्या बाथरूमचं छत कोरडं आहे, पण हॉलच्या खिडकीवर, म्हणजे बरोबर वरच्या फ्लॉवर बेडखाली, पिवळा डाग आहे आणि त्या म्हणाल्या की रिनोव्हेशन झाल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यापासून गळतंय, दोनदा पत्र दिलंय सोसायटीला. त्यांच्याकडे किचनची भिंत अजून आहे, ती पातळ आहे आणि ठोकल्यावर पोकळ वाजते, त्यामुळे ती ब्लॉकचीच असावी असं वाटतं, ड्रॉइंग मात्र सोसायटीकडे मागितलीत. बीडीडीचा प्लॉट आमच्या हॉलमधून रेसकोर्सच्या थोडा डावीकडे येतोय, समुद्राचा साधारण एक तृतीयांश भाग त्याच्या रेषेत आहे.

नवऱ्याचं म्हणणं सोडून देऊ, माझं म्हणणं भाव नीट ठरवून घेऊ. मला तो फ्लॅट हवाय. ६२० फुटांच्या हिशोबाने, एकाच अॅग्रीमेंटमध्ये, आणि फ्लॉवर बेडचं वॉटरप्रूफिंग मालकाने विकण्याआधी करून द्यायचं या अटीवर २ कोटी ४२ ची ऑफर द्यायची म्हणतेय. ब्रोकर म्हणतो शुक्रवारपर्यंत टोकन दिलं नाही तर दुसरी पार्टी तयार आहे.

---

सेक्रेटरी_दादर

ओसीची कॉपी हातात आली का? त्यात ३१वा मजला वाचल्याशिवाय टोकन नाही, शुक्रवार असो नाहीतर सोमवार. आणि टोकन द्याल तेव्हा चेकने द्या, पावतीवर लिहून घ्या की टायटल, ओसी किंवा बँकेचं व्हॅल्युएशन यात अडचण आली तर पूर्ण रक्कम परत. काकूंनी सोसायटीला दिलेल्या त्या दोन पत्रांच्या पोचपावत्यांचे फोटो काढून ठेवा, भाव बोलताना लागतील.

---

साइटवरचा_इंजिनियर

२ कोटी ४२ ठीक वाटतं. वॉटरप्रूफिंग करून द्यायचं असेल तर फ्लॉवर बेडवरचा मार्बल उचलून, भराव काढून, खाली स्लॅबपर्यंत जाऊन करायला सांगा, वरून केमिकल ओतून नाही, आणि मार्बल परत टाकण्याआधी पाणी भरून बघायला तुम्ही तिथे हजर राहा. ड्रॉइंग मिळाली की त्या भिंतीचा भाग इथे टाका, बघून सांगतो.